न आलेली कापडं

घाटे सरांच्या लाल पेन्सिलीनं विजया मेश्रामचं ते एकच वाक्य तिसऱ्यांदा खोडलं होतं. सबंध प्रबंधात दुसरीकडे कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. आकडे पटलेले, आलेख पटलेले, संदर्भ तर सरांनी स्वतः ताडून पाहिलेले. शेवटच्या प्रकरणातलं हे वाक्य मात्र त्यांना खुपत होतं. रायपूरहून परतताना पॅसेंजरमध्ये विजया ते पान मांडीवर घेऊन बसली, तेव्हा आपल्याला रडू येतंय की राग, हे तिचं तिलाच कळेना. बहुधा रागच असावा. रडायचं असतं तर ती पहिल्याच वेळी रडून मोकळी झाली असती.

वाक्य तसं साधं होतं. आकाशात अफाट अंतरावर क्वेसार आहेत. आपण त्यांना दिवे म्हणू, म्हणजे गोष्ट सोपी होते. या दिव्यांचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत वायूच्या ढगांतून येतो, आणि प्रत्येक ढग त्या प्रकाशावर आपली खूण सोडतो. त्या खुणा वाचून ढगात काय आहे, किती आहे, ते सांगता येतं. घाटे सर गेली वीस वर्षं हेच करत आले होते आणि त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: या ढगांत धूळ जवळजवळ नाही, ढग स्वच्छ आहेत. विजयाचं म्हणणं एवढंच, की सरांच्या यादीतले दिवे निवडलेत कसे? जे ठळक दिसले ते घेतलेत. मग एखाद्या ढगात खरंच धूळ असेल, तर त्याच्या मागचा दिवा मंद होणार, तो यादीत येणारच नाही, आणि दिवाच आला नाही तर पुढचा ढग तरी कोण मोजणार? जे धुळीनं झाकलं ते आधीच गळालं. उरलं ते स्वच्छच असणार, त्यात नवल ते काय.

म्हणून तिनं लिहिलं होतं, ‘ही यादी ठळक दिव्यांची असल्यामुळे ढग स्वच्छ आहेत, असं तिच्यावरून म्हणता येत नाही.’

“मग तुझ्या मते किती ढग सुटलेत?” सरांनी विचारलं होतं.

“ते मला सांगता येत नाही, सर. त्यासाठी रेडिओलहरींवरून शोधलेले दिवे घ्यावे लागतील. धूळ रेडिओलहरींना अडवत नाही. मग दिवा ठळक असो की मिणमिणता, त्यातल्या प्रत्येकाकडे मोठी दुर्बीण लावून बघायचं.”

“मोठी दुर्बीण आहे तुझ्याकडे?”

“नाही.”

“झालं तर मग.” आणि पेन्सिल फिरली.

सर वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. भिलाईच्या मरोदा वस्तीतल्या एका फिटरच्या मुलीला त्यांनी आपण होऊन विद्यार्थिनी म्हणून घेतलं होतं, स्वतःची पुस्तकं घरी नेऊ दिली होती, आणि आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीचा प्रबंध आपल्या सहीनं जावा म्हणून त्यांची धडपड चालली होती. मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. तोवर सही झाली नाही तर नवा मार्गदर्शक, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि कॉलेजातली विजयाची नोकरी आहे तशीच हंगामी. एका वाक्यासाठी एवढं सगळं पणाला लावायचं का? घरात, कॉलेजात, ज्याच्या कानावर गेलं त्या प्रत्येकानं तिला हेच विचारलं. “काढून टाक ना एक वाक्य, कोण वाचतं,” असं म्हणणाऱ्यांना तर तिला आता उत्तर द्यायलाही जिवावर येई.

त्यात फेब्रुवारीतलं कॉलेजचं विज्ञान-प्रदर्शन आलं. विजयाला वाटलं, बोलून पटत नाही तर दाखवून पटवू. तिनं मांजरपाटाचे पांढरे चौकोनी तुकडे कापले आणि मुलींच्या हातून रिसाली, रुआबांधा, मरोदा इथल्या चाळीस घरांत दिले. महिनाभर अंगणातल्या दोरीवर टांगायचं, धुवायचं नाही, झटकायचं नाही, तसंच परत आणायचं. धुवायचं नाही हे तिनं प्रत्येक मुलीला घोकून घ्यायला लावलं, कारण आपल्या बायका तिला माहीत होत्या. कुणाचं कापड कुठलं ते कळावं म्हणून धोबी वापरतो त्या न पुसणाऱ्या शाईनं कोपऱ्यात घराचं नाव आणि वस्ती लिहिली. मग प्रयोगशाळेत एक खोकं बनवलं. एका बाजूला बल्ब, मध्ये कापड, दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा काटा. धूळ जास्त तितका काटा कमी हलणार. भिलाईच्या हवेत धूळ किती, हे सांगायला खरं तर खोक्याचीही गरज नव्हती. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. ती रस्त्याची, चुलीची की कारखान्याच्या चिमणीची, ते धूळ काही सांगत नाही.

प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे घाटे सरच होते. विजयानंच त्यांना बोलावलं होतं. आधी मळकी कापडं दाखवायची आणि मग हळूच ढगांवर यायचं, असा तिचा बेत होता.

बेत पार फसला. आलेलं एकेक कापड खोक्यात सरकवलं जाई आणि काटा जवळजवळ कोऱ्या कापडाइतकाच हले. थोडं पिवळट, थोडं मळलेलं, बास. सर तर खुश झाले. व्यासपीठावरून म्हणाले, “आमच्या विजयाबाईंना सगळीकडे धूळ दिसते. पण आज त्यांच्याच कापडांनी साक्ष दिली. भिलाईचं अंगण स्वच्छ आहे आणि आकाशातले ढगही.” टाळ्या पडल्या. विजयाच्या डोक्यात तिडीक गेली, पण हार घालायला तीच उभी होती, म्हणून तिनं हार घातला.

मग तिनं टेबलावरची कापडं चाळली आणि थबकली. चाळीस दिली होती. आलेली त्याहून बरीच कमी होती, निदान तिसरा हिस्सा तरी आलाच नव्हता. शालू नावाची तिची विद्यार्थिनी कापडं गोळा करायला घरोघर फिरली होती. तिला विचारलं, तर ती म्हणाली, “मॅडम, वो लोग दे ही नहीं रहे. कुनी म्हणतं हरवलं, कुनी म्हणतं बाद में आना.”

विजया सरांना व्हरांड्यात गाठायला धावली. “सर, ज्यांची आली नाहीत, त्यांचं काय?”

“विसरले असतील लोक. हरवलं असेल. घरात शंभर कामं असतात.”

“आणि जी खूप मळली, तीच आली नसतील तर?”

सर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, आणि तेच विजयाला जास्त लागलं. “हे बघ. विसरण्याचा धुळीशी काय संबंध? मळकी विसरली तशी स्वच्छही विसरली असतील, म्हणजे हिशेब तोच राहतो. संबंध आहे असं म्हणायचं असेल तर तो दाखव. सोमवारी ये. शेवटचं प्रकरण ते वाक्य काढून आण, नाहीतर संबंध दाखव.”

म्हणणं बिनतोड होतं. विजयाला चीड आली ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळपासून ती सायकल हाणत न आलेल्या कापडांच्या मागे लागली. रुआबांध्याला रुक्माबाईंनी तिला चहा पाजला, वर चिवडा खाऊ घातला, मुलाला दहावीत किती टक्के पडतील ते विचारलं, आणि कापडाचं नाव काढताच म्हणाल्या, “फाटलं व बाई ते.” विजया म्हणाली, फाटलेलंही चालेल. तर ते म्हणे फेकलं. बोलताना रुक्माबाईंनी पायानं दाराशी पडलेलं पोतेरं मोरीकडे सरकवलं. त्या ओल्या चिंधीच्या कोपऱ्यात धोब्याची शाई विजयाला स्पष्ट दिसली. त्याआधी ते किती काळं होतं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. पुढच्या घरी कुलूप होतं. त्यापुढच्या घरी दार अर्धंच उघडलं आणि “नंतर या” म्हणून मिटलं. दुपारच्या उन्हात, घामानं चिकटलेल्या केसांनी, सायकलची उतरलेली चेन बसवत विजया रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती, तेव्हा तिनं सर, रुक्माबाई, मांजरपाट आणि सगळे क्वेसार यांना एकत्रच मनसोक्त शिव्या दिल्या.

न आलेल्यांत एक घर तिचं स्वतःचंही होतं. “वाऱ्यानं उडालं असंन,” आई म्हणाली होती, आणि प्रदर्शनाच्या गडबडीत विजयानं ते मनावर घेतलं नव्हतं. घरी येऊन तिनं जरा पडावं म्हणून गोधड्यांच्या थप्पीतून एक ओढली, तर दोन गोधड्यांमधून घडी घातलेलं कापड खाली पडलं.

ती घडी उलगडून बघतच राहिली. तांबूस काळं, बोट लावलं तर बोटाला लागणारं, आणि कोपऱ्यात तिच्याच अक्षरात, मेश्राम, मरोदा. पहिल्यांदा तिला झाला तो निव्वळ आनंद. मिळालं एकदाचं! उद्या तडक रायपूर.

गिरजाबाई पाणी भरून आत आली, लेकीच्या हातातलं कापड बघितलं, हंडा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “ते ठेव. ते न्यायचं नाही.”

“कावून लपवून ठेवलं, आई? मी सबन गाव पालथं घालून राहिली याच्यापायी.”

“कावून म्हन्जे? एवढं काळं कापड तू सरच्या टेबलावर मांडशीन? नाव लिवलं हाय त्यावर आपलं.”

“अव, धूळ साऱ्याइच्याच घरावर पडते. यात आपला काय दोष?”

“ते तुले मालूम, मले मालूम. टेबलावर कोन सांगत बसनार हाय?” गिरजाबाई बसली. आवाज चढला नाही तिचा. “माह्या मायनं धुतलेलं लुगडं वाळू घातलं, तर बाकीच्या बायका विटाळ होईन म्हनून आपापलं लुगडं दोरीवरून काढून न्यायच्या. धुतलेलं, विजे. मळकं नाही, पांढरंफेक. तवापासून माह्या घरातून मळकं कापड बाहेर गेलं नाही, अन् जानारबी नाही. तुही परीक्षा असो की आनिक काही असो.”

आईची आई विजयानं फक्त फोटोत पाहिली होती. तिचं ते पांढरं लुगडं आता डोळ्यांसमोरून हलेना. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी तिला आईचा रागही आला, सणसणून आला. हवं होतं तेच कापड, सरांनी मागितलेला तोच संबंध तिच्या हातात होता, आणि तो बाहेर काढायची परवानगी नव्हती. सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःचा. नावं लिहायची अक्कल कुणी सांगितली होती? कोपऱ्यात नाव घातलं तेव्हाच मळकी कापडं घरातच राहणार हे ठरलं होतं, आणि हे तिला, गिरजाबाईच्या पोटच्या पोरीला, सुचू नये?

“वरचं नाव कापून नेतो,” ती म्हणाली.

“तू नेशीन तर लोकाइले समजनारच कोनाचं हाय ते.”

संध्याकाळी विजयाचा बाप बळीराम कारखान्यातल्या ड्यूटीवरून आला. दोघींची तोंडं दोन दिशांना बघून त्यानं हातपाय धुतले, जेवला, आणि निजताना एवढंच म्हणाला, “एका टीचभर कापडापायी घरात कर्फ्यू लागला का व?” कुणी हसलं नाही. आईची समजूत सकाळी शांतपणे काढू, असं ठरवून विजयानं कापड घडी करून फळीवर ठेवलं.

सकाळी फळी रिकामी होती. विजया अंगणात आली, तर दोरीवर कापड वाळत होतं. शुभ्र. नीळ घातलेलं, ताणून सरळ केलेलं, दोन चिमट्यांत. कोपऱ्यातली शाई तेवढी होती तशीच होती, उलट पांढऱ्यावर ती आता जास्तच उठून दिसत होती.

“दोनदा साबन लावला,” गिरजाबाई म्हणाली. “मंग नीळ देल्ली. आता ने. खुशाल मांड टेबलावर.”

विजया पायरीवर बसली. तिला ओरडायचं होतं. सहा वर्षं ज्या एका गोष्टीसाठी ती डोकं फोडत होती, ती हातात आली आणि एका रात्रीत साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून गेली. पण समोर आई उभी होती, हात कोपरापर्यंत ओले, आणि चेहऱ्यावर पोरीचं काम करून दिल्याचं समाधान. ओरडणार कुणावर? तिनं कापड काढलं, घडी केली, पर्समध्ये टाकलं आणि निघाली. वाक्य न काढलेलं प्रकरण पिशवीत होतंच. जे व्हायचं ते एकदा होऊन जाऊ दे, एवढाच विचार तिच्या डोक्यात उरला होता.

सरांच्या खोलीत तिनं कापड टेबलावर पसरलं. सरांनी ते खिडकीच्या उजेडावर धरलं.

“एकदम स्वच्छ,” ते म्हणाले. “हे कुठलं? परवा तर नव्हतं.” मग त्यांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं. “तुझ्याच घरचं?”

“हो सर. काल दुपारी ते काळं होतं.”

आणि तिनं सांगितलं. रुक्माबाईंचं पोतेरं, अर्धवट उघडलेलं दार, गोधड्यांची थप्पी. आजीच्या लुगड्याचं सांगावं की नाही, याचा तिनं आगगाडीत पुष्कळ विचार केला होता. सांगायचं नाही असं ठरवलंही होतं. पण सांगितलं.

सरांनी कापड पुन्हा उजेडावर धरलं. “किती काळं होतं?”

“ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मोजायच्या आधीच धुतलं गेलं.”

“म्हणजे आकडा नाही तुझ्याकडे.”

“नाही सर. आकडा असता तर मी आकडा लिहिला असता. नाही, म्हणून तर ते वाक्य लिहिलंय.”

“एका घरावरून सगळ्यांचं ठरवतेस?”

“नाही. काहींची खरंच हरवली असतील. उद्या कुणी मंद दिव्यांकडेही दुर्बीण लावून बघितलं तर फरक थोडासाच निघेल, तुमचे ढग स्वच्छच निघतील. मला आनंद होईल सर, खरंच. पण फरक थोडा आहे हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. संबंध दाखव म्हणालात. जे मळलं तेच लपलं, निदान एका घरात तरी. विसरून नाही राहिलं ते.”

सर उठून खिडकीशी गेले. वीस वर्षांचे त्यांचे निबंध मागच्या कपाटात बांधून ठेवलेले होते, आणि निवृत्तीला महिनाभर उरला होता. त्या पाठमोऱ्या माणसाला आपण काय ऐकवलं, हे विजयाला तेव्हा कळलं आणि तिला वाईट वाटलं. तरी तिनं शब्द मागे घेतला नाही.

ते परत आले, खुर्चीत बसले आणि खणातून खोडरबर काढून लाल रेघ पुसू लागले. लाल पेन्सिल नीट पुसली जात नाही. पानावर गुलाबी डाग राहिला. मग त्यांनी वाक्यात एक शब्द घातला. आता त्या वाक्याचा शेवट असा होता: ‘ढग स्वच्छ आहेत, असं तिच्यावरून कदाचित म्हणता येत नाही.’

“कदाचित कशाला, सर?”

“माझ्यासाठी,” सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

भिलाई येईपर्यंत तो ‘कदाचित’ तिला चावत राहिला. जिंकलो म्हणावं तर तो शब्द मध्ये, हरलो म्हणावं तर सही झालेली. धड कशाचाच आनंद करता येईना. पावर हाऊस स्टेशनला उतरून ती मरोद्याला पोचली, तेव्हा गिरजाबाई दारातच उभी होती.

“पाह्यलं का सरनं कापड?”

“पाहिलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं.”

“मंग? काय म्हनले?”

“एकदम स्वच्छ म्हणाले.”

“नाव वाचलं ना त्याइनं?”

“वाचलं.”

गिरजाबाईचा चेहरा असा उजळला की विजयाला तिच्याकडे बघवेना. पदरानं उगाचच तोंड पुसत ती आत वळली, चहाचं आधण ठेवलं आणि तिथूनच विचारलं, “अन् तुह्या त्या वाक्याचं काय झालं?”

“राहिलं. सही झाली.”

“पाह्य,” गिरजाबाई म्हणाली. “मी म्हनलं नव्हतं? मळकं नेलं असतं तर राह्यलं असतं का?”

आईचं म्हणणं चूक आहे, असं विजयाला काही केल्या सांगता येईना. तिनं पर्समधून कापड काढलं, अंगणात गेली, आणि नाव दिसू नये असा शाईचा कोपरा आत दुमडून ते पुन्हा धूळ खायला दोरीवर टाकलं.